मनाच्या प्रश्नावल्या किती भरवशाच्या? विश्वसनीयतेच्या मोजणीची पार्श्वभूमी

असंसर्गजन्य आजारांच्या सरकारी तपासणी मोहिमेत आशा सेविका तिशीपुढच्या माणसांचा एक तक्ता भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला मधुमेह आहे का, असं सगळं त्यात असतं. तक्त्याच्या शेवटी दोन प्रश्न मनाचे आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, आणि उदास किंवा निराश वाटलं का. उत्तराला शून्य ते तीन गुण, दोन्हींची बेरीज जास्तीत जास्त सहा. तीनच्या वर गेली की पुढे डॉक्टरकडे पाठवायचं. हे दोन प्रश्न नैराश्य तपासणाऱ्या, पीएचक्यू-९ नावाच्या नऊ प्रश्नांच्या अमेरिकन प्रश्नावलीतून उचललेले आहेत. मुंबईतल्या मानसोपचार ओपीडीत, कॉलेजच्या समुपदेशन कक्षात, कंपन्यांच्या ‘वेलनेस’ शिबिरात आणि एम.ए.च्या प्रबंधिकांत मूळ प्रश्नावली आता सर्रास दिसते. सोबत एक वाक्यही ठरलेलं असतं: ‘या चाचणीची विश्वसनीयता सिद्ध झालेली आहे.’

माझा आक्षेप या वाक्याला आहे. विश्वसनीयता कुणावर सिद्ध झाली, कुठे, कुणी विचारून, हे त्यात कधीच नसतं. ते गळालं कसं, हे समजायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

मानसशास्त्राच्या पुस्तकात विश्वसनीयता आणि सप्रमाणता अशा दोन वेगळ्या गोष्टी शिकवतात. आठ-तेराची लोकल चुकू नये म्हणून घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलेलं असतं, ते विश्वसनीय असतं, सप्रमाण नसतं. रोज तेवढंच चुकतं, त्यामुळे घरचे त्यावर बिनदिक्कत विसंबतात. प्रश्नावलीचंही तेच. तीच माणसं, तीच अवस्था असताना ती तोच आकडा पुन्हा देते का, हा विश्वसनीयतेचा प्रश्न. तो आकडा खरंच नैराश्याचा आहे की थकव्याचा, हा पुढचा.

पहिला प्रश्न आकड्यांत मांडला तो चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज माणसाने, १९०४ साली. लष्करातली नोकरी सोडून तो मानसशास्त्राकडे वळला होता. प्रत्येक मोजमापात खरा भाग आणि चुकीचा भाग मिसळलेले असतात, आणि चुकीचा भाग मोठा असेल तर दोन गोष्टींतला खरा संबंधही पुसट दिसतो, हे त्याने गणिताने दाखवलं. १९१० मध्ये त्याने आणि विल्यम ब्राउनने एकाच नियतकालिकाच्या एकाच खंडात, स्वतंत्रपणे, एकच सूत्र छापलं. दोघांचं फारसं पटत नव्हतं, तरी सूत्राला आजही दोघांचं जोडनाव आहे. चाचणीचे दोन भाग करा, दोन्ही भागांच्या गुणांचा सहसंबंध (दोन्ही गुण किती बरोबरीने वरखाली होतात, त्याचा आकडा) काढा, आणि पूर्ण लांबीच्या चाचणीची विश्वसनीयता किती येईल ते सूत्राने काढा. दोन भागांत ०.६ सहसंबंध निघाला तर पूर्ण चाचणीला ०.७५ मिळतो. हीच अर्धविभाजन पद्धत. सोय अशी की त्याच माणसाला पुन्हा बोलवावं लागत नाही. पुढच्या बऱ्याच घोटाळ्याचं मूळ मला या सोयीतच दिसतं.

गणित असं पुढे चाललं होतं, पण प्रश्नावल्या त्याची वाट बघत थांबल्या नाहीत. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने सैनिक कोलमडू लागले, तेव्हा अमेरिकी सैन्यासाठी रॉबर्ट वुडवर्थने हो-नाही उत्तरांचे ११६ प्रश्न जमवले. मनाने कच्चे रंगरूट भरतीतच ओळखायचे, हा हेतू. प्रश्नावली नीट वापरात येईपर्यंत युद्ध संपलं, पण मुलाखतीऐवजी छापील कागद आणि शेवटी बेरीज हा साचा रूढ झाला. नंतरच्या कित्येक चाचण्यांनी वुडवर्थचे प्रश्न थोडे फिरवून घेतले.

मुंबईत हे वारं बुद्धिमापनाच्या वाटेने आलं. १९३६ मध्ये टाटांच्या देणगीतून समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. १९३८ मध्ये डॉ. के. के. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग सुरू केला. मनाचा इलाज ठाण्या-येरवड्याच्या मोठ्या भिंतींआडच होतो, हा समज तिथून सैल होऊ लागला. त्याच काळात मुंबई इलाख्यातल्या व्ही. व्ही. कामतांनी बुद्धी मोजणाऱ्या बिने चाचणीचं मराठी आणि कन्नड रूप तयार केलं. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं.

कामतांच्या कामाची मला मनापासून कदर आहे. त्यांनी प्रश्नांचं नुसतं भाषांतर केलं नाही. इथल्या मुलांवर ते वापरून पाहिले, कुठला प्रश्न कुठल्या वयाला जातो हे नव्याने ठरवलं, प्रमाणके, म्हणजे तुलनेसाठी धरायचे गुण, इथली काढली. उसन्या चाचणीचं काय करायचं असतं, याचा मराठीतला हा पहिला मोठा धडा. पुढे त्याचं झालं काय? मुंबईच्या रुग्णालयांत आणि शाळांमध्ये मुलांचा बुद्ध्यांक काढायला ‘बिने-कामत’ अनेक दशकं चालत राहिली. मुलं बदलली, शाळा बदलल्या, घरात आधी रेडिओ आणि मग टीव्ही आला, प्रमाणके मात्र जुन्या इलाख्यातल्या मुलांचीच. एकदा केलेलं काम कायमचं झालं, ही आपल्याकडची समजूत तेव्हापासूनची असावी.

इकडे अमेरिकेत अर्धविभाजनाची एक अडचण टोचत होती. चाचणीचे दोन भाग करायचे, पण कसे? सम आणि विषम प्रश्न? पहिले पाच आणि शेवटचे पाच? दहा प्रश्नांचे पाच-पाच असे भाग १२६ प्रकारांनी पडतात, आणि प्रत्येक प्रकाराला वेगळा आकडा येऊ शकतो. १९३७ मध्ये कुडर आणि रिचर्डसन यांनी हो-नाही उत्तरांच्या चाचण्यांसाठी यावर तोड काढली. त्यांच्या लेखातलं विसावं सूत्र म्हणून ते ‘केआर-२०’. १९५१ मध्ये ली क्रॉनबॅकने तेच सर्व प्रकारच्या उत्तरांना लागू होईल असं मांडलं आणि त्याला ‘अल्फा’ म्हटलं. एकाच बैठकीतल्या उत्तरांवरून, प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते हा आकडा सांगतो. तसंच सूत्र लुई गटमनने १९४५ मध्येच दिलं होतं. आपलं नाव त्या सूत्राला कायमचं चिकटलं याचा क्रॉनबॅकला पुढे संकोच वाटत असे. त्याच्या निधनानंतर २००४ मध्ये छापलेल्या लेखात त्याने तसं लिहिलं, आणि विश्वसनीयता तपासायला एकटा अल्फा पुरेसा नाही हेही सांगितलं.

तोवर उशीर झाला होता. संगणकात एक बटण दाबलं की अल्फा येतो. मुंबईतल्या कुठल्याही मानसशास्त्र विभागातली प्रबंधिका उघडा, तिसऱ्या प्रकरणात ‘अल्फा ०.७ पेक्षा जास्त, म्हणून चाचणी विश्वसनीय’ हे सापडेलच. हा ०.७ जम नननली याच्या १९७८ च्या पाठ्यपुस्तकातून येतो. तिथे तो संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यापुरता चालेल असा आहे. एकेका माणसाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर ०.९० सुद्धा किमानच, ०.९५ असावा, असंही त्याच पुस्तकात म्हटलंय. ते कुणी उतरवून घेत नाही.

शिवाय अल्फा फुगवता येतो. प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध ०.३ असेल तर दहा प्रश्नांना अल्फा साधारण ०.८१ येतो. त्याच जातीचे आणखी दहा प्रश्न घाला, ०.९० च्या घरात जातो. प्रश्न सुधारले नाहीत, वाढले एवढंच. ‘मला उदास वाटतं’, ‘माझं मन उदास असतं’ आणि ‘मी उदास राहते’ हे तिन्ही एका कागदावर छापा, अल्फा खूश होईल. बाई पुढच्या गुरुवारी तेच सांगेल का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

ते उत्तर मिळवायचं तर पुन्हा जावं लागतं. चाचणी-पुनर्चाचणी ही सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत कटकटीची पद्धत. दुसऱ्याच दिवशी गेलात तर माणसाला आपली आधीची उत्तरं आठवतात. महिन्याने गेलात तर मन खरोखरच बदललेलं असू शकतं. जूनच्या तोंडावर, शाळेची फी भरायच्या आठवड्यात विचारलेला प्रश्न आणि पगार झाल्यावर विचारलेला तोच प्रश्न, यांची उत्तरं वेगळी आली तर प्रश्नावलीला कच्चं म्हणता येत नाही. म्हणून अभ्यासक मधलं अंतर दोन दिवस ते दोन आठवडे असं काहीतरी धरतात आणि बहुतेक जण ही पायरी गाळतातच.

डेव्हिड गोल्डबर्गने १९७२ मध्ये लंडनमध्ये तयार केलेली जनरल हेल्थ क्वेश्चनेअर, म्हणजे जीएचक्यू, ही मात्र कष्टाने घडवलेली होती. १४० प्रश्नांपासून सुरुवात. गंभीर आजारी, थोडे आजारी आणि निरोगी अशा तीन गटांवर ते वापरून, गटांमध्ये फरक दाखवणारे ६० ठेवले. पुढे ३०, २८ आणि १२ प्रश्नांच्या आवृत्त्या निघाल्या. १२ प्रश्नांची जगभर चालली, आपल्याकडेही. तिची एक खोच बघण्यासारखी आहे. उत्तरं ‘नेहमीपेक्षा’ या मापात द्यायची असतात: नेहमीपेक्षा चांगलं, नेहमीसारखंच, नेहमीपेक्षा कमी, फारच कमी. मूळ गुणपद्धतीत पहिल्या दोन उत्तरांना शून्य. आता दहा वर्षं झोपेची तक्रार असलेली बाई काय म्हणेल? ‘नेहमीसारखंच.’ शून्य गुण. तिचं नेहमीचंच वाईट आहे, हे कागदाला कळत नाही. गुडचाइल्ड आणि डंकन-जोन्स यांनी १९८५ मध्ये यावर गुण देण्याची वेगळी रीत सुचवली, त्रासाच्या प्रश्नांना ‘नेहमीसारखंच’ आलं तरी एक गुण. ती रीत फारशी रुळली नाही. बारा प्रश्न, चटकन बेरीज, ही सवय सुटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७० च्या दशकात वेगळा मार्ग धरला. एसआरक्यू ही वीस हो-नाही प्रश्नांची यादी. तिच्या सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष १९८० मध्ये आला आणि त्यातल्या चार देशांत भारत होता. पहिलाच प्रश्न: वारंवार डोकं दुखतं का? आपल्या दवाखान्यांची नाडी ओळखणारी ही सुरुवात. माणूस मनाची तक्रार डोकं, पोट आणि झोप यांच्यामार्फत आणतो, हे केईएमच्या ओपीडीत तासभर बसलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मुंबईत जन्मलेले आणि गोव्यात ‘संगत’ ही संस्था उभी करणाऱ्यांपैकी एक असलेले डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने गोव्याच्या प्राथमिक दवाखान्यांत जीएचक्यू, एसआरक्यू, पीएचक्यू आणि आणखी दोन अशा पाच प्रश्नावल्या एकमेकींशेजारी ठेवून तपासल्या. ते २००८ मध्ये छापून आलं. पाचही बऱ्यापैकी चालल्या. जीएचक्यूचा पंधरा शहरांतला अभ्यास आधी, १९९७ मध्ये आला होता आणि त्यात किती गुणांपासून माणसाला आजारी धरायचं, तो योग्य आकडा शहरागणिक वेगळा निघाला होता.

पीएचक्यू-९ आली २००१ मध्ये. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स हे तिचे कर्ते, पैसा फायझरचा. फायझर तेव्हा नैराश्यावरचं औषध विकत होती, तेव्हा ज्याला जे समजायचं ते समजावं. अभ्यास मात्र नेटका होता. अल्फा ०.८९ आणि ०.८६, दोन दिवसांच्या आत फोनवर पुन्हा विचारल्यावर सहसंबंध ०.८४. दहा किंवा जास्त गुणांना आजारी धरलं तर आजारी ओळखण्याची आणि निरोगी सोडण्याची क्षमता, दोन्ही ८८ टक्के. ती फुकट आहे, परवानगी लागत नाही, एका पानात मावते. नैराश्याचीच दुसरी, बेकची प्रश्नावली विकत घ्यावी लागते. पीएचक्यू पसरली याचं निम्मं कारण तेच.

तिला आता वस्तीत नेऊ. हजार माणसं, त्यांतली ५० खरी आजारी असं धरू. ८८ टक्क्यांनी ४४ सापडतात. उरलेल्या ९५० निरोगी माणसांतली १२ टक्के, म्हणजे ११४ जणही दहाला पोचतात किंवा त्याच्या वर जातात. डॉक्टरकडे १५८ जण पोचतात आणि त्यांतले ११४ उगाच. मीहल आणि रोझन यांनी १९५५ मध्येच हे गणित मांडून बजावलं होतं, की चाचणी चांगली असली तरी आजार विरळ असेल तिथे ती फसवते. मानसोपचार ओपीडीत, जिथे निम्मे खरेच आजारी असतात, तीच प्रश्नावली दिमाखात चालते. कंपनीच्या शिबिरात चारशे निरोगी नोकरदारांना ती वाटून आलेल्या आकड्यावर पत्रक काढणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा.

आणि हे आकडे माणसाने स्वतः कागद भरल्यावरचे आहेत. वस्तीत बहुतेकदा प्रश्न वाचून दाखवला जातो. दहा बाय बाराची खोली, दारात चप्पल काढून बसलेली सेविका, ओट्याशी उभी सून, पलंगावर सासू. ‘उदास वाटतं का गं?’ सून सासूकडे बघते. ‘नाही तसं काही.’ पर्याय असतात मुळीच नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. दिवस मोजून कुणी सांगत नाही. उत्तर येतं, ‘होतं की मधूनमधून.’ त्याचा एक करायचा की दोन, हे सेविका ठरवते. ‘झोप लागत नाही का?’ असं विचारलं तर आलेलं ‘नाही’ म्हणजे लागते की लागत नाही, हेही तीच ठरवते. इथे मोजायची ती दोन सेविकांमधली एकवाक्यता. जेकब कोहेनने १९६० मध्ये त्यासाठी ‘कप्पा’ नावाचं माप दिलं, योगायोगाने जुळलेली उत्तरं वजा करून. अमेरिकेतला ०.८९ चा अल्फा या खोलीबद्दल काही सांगत नाही.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या एका गटाने १९९९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत लिहिलं: चाचणी विश्वसनीय किंवा अविश्वसनीय नसते, ठरावीक लोकांकडून मिळालेले गुण तसे असतात, म्हणून प्रत्येक अभ्यासाने आपल्या गुणांची विश्वसनीयता आपण काढून छापावी. मुंबईत ते करणं फार खर्चिक नाही. शंभरेक घरं, दोन सेविका, एकाच घरी आठवड्याच्या अंतराने, आणि दुसऱ्या खेपेला सासू बाजारात गेलेली असताना.