मालक दुरुस्ती करत नाही? भाडेकरूंनी एकत्र नोटीस कशी द्यायची, कोण पात्र, कागद कुठले

जिना डुगडुगतोय, संडासाचा पाइप गळतोय, मालक फोन उचलत नाही, मग मीटिंग बोलावली की पहिला प्रश्न येतो, आधी संघटना रजिस्टर करावी लागेल ना? त्यासाठी अडून बसू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14 नुसार दुरुस्तीची नोटीस एक भाडेकरू देऊ शकतो तशी सगळे मिळूनही देता येते, त्याला रजिस्ट्रेशन नंबर लागत नाही. आणि मिळूनच द्या, कारण एकट्याने दिली की मालकाचा माणूस त्या एकाच्याच दारात येऊन बसतो.

आता सही कोण करू शकतो. भाडेपावती ज्याच्या नावावर आहे तो तर आलाच. पावती अजून आजोबांच्या नावावर असेल तरी घाबरू नका, जुन्या चाळींत अर्ध्या खोल्यांचं हेच असतं. मूळ भाडेकरू वारला तेव्हा घरातला जो माणूस त्याच्यासोबत राहत होता तो कायद्याने भाडेकरू धरला जातो, फक्त मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, त्या काळातलं लाइट बिल किंवा मतदार यादीतलं नाव जोडून ठेवा. 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे, त्यांना यात घेऊ नका, उगाच मालकाच्या वकिलाला मुद्दा मिळतो.

नोटिशीत नुसतं "इमारत खराब झाली आहे" लिहून भागत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कॉमन संडासाचा पाइप अमुक तारखेपासून गळतोय, खालच्या खोलीच्या छताचं प्लास्टर पडलंय, असं जागेसकट लिहा, फोटो लावा, खाली प्रत्येकाचं नाव, खोली नंबर, सही. रजिस्टर पोस्ट 2025 पासून स्पीड पोस्टातच गेलंय, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा पण पोचपावती मागून घ्या आणि पाकीट "नाकारले" शेरा मारून परत आलं तर ते न फोडता तसंच फाईलला लावा.

15 दिवसांत मालकाने काही केलं नाही तर भाडेकरू स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात, प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या भाड्याच्या प्रमाणात. पण इथे गोम अशी की वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही. महिना 200 रुपये भाडं असेल तर वर्षाचे 2400, म्हणजे कापायला मिळाले 600, वीस खोल्यांचे मिळून 12 हजार. एवढ्यात पाइप बदलेल, जिना काही होणार नाही. तरी नोटीस द्याच, पुढे कुठेही गेलात तरी मालकाला कधी आणि काय कळवलं होतं हे पहिलं विचारतात. मुंबई शहरातली सेसवाली इमारत असेल (30 सप्टेंबर 1969 च्या आधीची, दुरुस्तीसाठी सेस म्हणजे उपकर भरणारी) तर मोठ्या दुरुस्तीचा अर्ज म्हाडाच्या (राज्य सरकारचं गृहनिर्माण प्राधिकरण) दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे करायचा, नोटिशीची कॉपी त्यालाही जोडा.

मीटिंगमधे कोणीतरी हमखास म्हणतं की भाडंच बंद करू. हे अजिबात करू नका!! भाडं द्यायला तयार आहोत हीच भाडेकरूची ढाल आहे, थकबाकी दिसली की मालक नोटीस देतो आणि 90 दिवसांनंतर दावा टाकायला मोकळा. तो भाडं घेत नसेल, पावती देत नसेल (पावती देणं कलम 31 प्रमाणे बंधनकारक आहे) तर दर महिन्याला मनीऑर्डर करा आणि पोस्टाच्या पावत्या ओळीने लावून ठेवा. पाणी, जिन्यातला लाइट असं काही तोडलं तर कलम 29 खाली कोर्टात अर्ज करता येतो, मुंबईत तो लघुवाद न्यायालयात.

संघटनेचं रजिस्ट्रेशन खरं कामाला येतं ते पुनर्विकासाच्या वेळी, पण तिथे भाडेकरू संघ नाही, प्रस्तावित सहकारी गृहनिर्माण संस्था लागते. म्हाडा कायद्याच्या कलम 79-अ नुसार धोकादायक ठरलेल्या सेस इमारतीच्या मालकाला आधी 6 महिने मिळतात, त्याने 51 टक्के भाडेकरूंच्या संमतीसह प्रस्ताव आणला नाही तर पुढचे 6 महिने भाडेकरूंच्या संस्थेला, संमती तेवढीच 51 टक्के, आणि तेही जमलं नाही तर म्हाडा स्वतः. पण इमारत रीतसर धोकादायक जाहीर झालीय का ते आधी बघा, कारण जुलै 2025 मधे मुंबई हायकोर्टाने तसं जाहीर न करता काढलेल्या 79-अ च्या नोटिसा बेकायदा ठरवल्या. संमतीपत्रं मात्र आत्तापासून गोळा करायला हरकत नाही, 6 महिने म्हणजे फार नाहीत, त्यात निम्मे लोक गावाला आणि एखादा भाऊ दुबईत असतो.