तुरुंगातला ताप आणि तुरुंगातला एकांत

गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे यांना पोर्तुगीजांनी १९५५ साली पकडलं. गोव्यात मराठी शिकवायला आलेला हा सांगलीचा तरुण आधी गोव्यातल्याच आग्वादच्या आणि मग लिस्बनजवळच्या तुरुंगात राहिला. सुटका झाली १९६९ मध्ये, गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर. यातली बरीच वर्षं एकांत कोठडीत गेली. आणि हे त्या पोर्तुगालने केलं, ज्याने १८६७ मध्येच खुनासारख्या गुन्ह्यांसाठीचीही फाशी रद्द केली होती. कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम संयुक्त राष्ट्रांच्या जिनेव्हा परिषदेने मंजूर केले, तेही १९५५ सालीच.

कैद्याच्या शरीराचा विचार त्याच्या मनाच्या कितीतरी आधी झाला. इंग्लंडमध्ये जॉन हॉवर्ड १७७३ साली बेडफर्डशरचा शेरीफ, म्हणजे तिथल्या तुरुंगावर देखरेख असलेला अधिकारी झाला. निर्दोष ठरलेली माणसंही तुरुंगाधिकाऱ्याची फी भरता येत नाही म्हणून आतच सडत होती, हे त्याने पाहिलं. शिवाय 'तुरुंगाचा ताप' होताच. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात तो कैद्यांकडून थेट न्यायाधीशांपर्यंत पोचला आणि त्यात लंडनचा महापौरही दगावला. दोष कुबट हवेचा, असं तेव्हा समजत. म्हणून १७७४ च्या कायद्याने भिंतींना चुना, खेळती हवा, आंघोळीची सोय आणि आजाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या सक्तीच्या केल्या. कपडे भट्टीत तापवावेत, असंही हॉवर्ड सुचवत असे. खरा गुन्हेगार त्या कपड्यांतच होता. हा ताप म्हणजे टायफस, आणि तो अंगावरच्या उवांमुळे पसरतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये सिद्ध केलं. उवेची विष्ठा खाजवलेल्या जागेतून रक्तात जाते. कारण चुकलं होतं, पण उपाय बरोबर लागू पडला.

मनाच्या बाबतीत उलटं झालं. फिलाडेल्फियात १८२९ मध्ये उघडलेला तुरुंग कनवाळू माणसांच्या कल्पनेतून उभा राहिला होता. फटके नाहीत, गर्दी नाही. एकेकाला स्वतंत्र कोठडी, हातात बायबल. शांततेत पश्चात्ताप होईल, अशी अपेक्षा होती. कोठडीबाहेर नेताना कैद्याचं तोंड टोपडीने झाकत, म्हणजे कुणी कुणाला दिसू नये. पण त्या शांततेत माणसं खचत गेली. १९८३ मध्ये मनोविकारतज्ज्ञ स्टुअर्ट ग्रासियन यांनी एकांतातल्या कैद्यांची लक्षणं नोंदवली: साधा आवाज असह्य होणं, भास, विचारांचा गोंधळ, स्वतःला इजा करण्याची ओढ. मेंदूला माणसाचा सहवास लागतो, तो तोडला की इजा होते. ती अंगावर दिसत नाही इतकंच.

२०१५ मध्ये आग्वादचे कैदी कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवले गेले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी १९५५ चे ते किमान नियम सुधारले आणि त्यांना मंडेलांचं नाव दिलं. दिवसातले बावीस तास किंवा जास्त अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि तो सलग पंधरा दिवसांपेक्षा जास्त देण्यास मनाई. आपल्या भारतीय न्याय संहितेत मात्र १८६० च्या दंड संहितेतली तरतूद अजून आहे: सश्रम कारावासाच्या शिक्षेत न्यायालय एकूण तीन महिन्यांपर्यंत एकांतवास देऊ शकतं, एका वेळी जास्तीत जास्त चौदा दिवस. ही तरतूद आता काढूनच टाकायला हवी.