शोधनिबंध उरतो, प्रयोगवही हरवते

ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवर केलेल्या प्रयोगांचा निबंध १८६६ साली छापला गेला आणि तो आजही कोणालाही वाचता येतो. त्या निबंधामागच्या वह्या मात्र उरलेल्या नाहीत. १८८४ साली मेंडेल वारले आणि त्यानंतर ते ज्या मठात साधू होते तिथले त्यांचे बहुतेक कागद जाळून टाकण्यात आले. १९०० साली त्या निबंधातले आनुवंशिकतेचे नियम पुन्हा उजेडात आले, मेंडेल यांना विज्ञानाच्या इतिहासात मानाचे स्थान मिळाले, आणि १९३६ साली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यांचे आकडे बारकाईने तपासून असे दाखवले की ते अपेक्षित प्रमाणाशी जरा जास्तच जुळतात. मोजणीत यदृच्छेने जेवढी तफावत पडायला हवी तेवढी त्यांत दिसत नाही. मग हे आकडे कोणी सावरून घेतले? एखाद्या मदतनिसाने, स्वतः मेंडेल यांनी, की शंकास्पद रोपे गाळली गेल्यामुळे ते नकळत घडले? या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु ज्या नोंदींवरून वादाचा निकाल लागला असता त्याच हाती नसल्यामुळे तो तर्कावरच चालत राहतो.

याच्या अगदी उलट उदाहरण रॉबर्ट मिलिकन यांचे आहे. तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणारा त्यांचा निबंध १९१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५८ थेंबांची मोजमापे होती आणि ती निवडक नसून सलग ६० दिवसांत तपासलेले सगळे थेंब त्यांत आले आहेत, असे मिलिकन यांनी ठासून लिहिले होते. त्यांच्या प्रयोगवह्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अभिलेखागारात, म्हणजे मूळ कागदपत्रे जपणाऱ्या दालनात, सुरक्षित राहिल्या. १९७०च्या दशकात विज्ञानाचे इतिहासकार जेराल्ड होल्टन यांनी त्या वाचल्या, तेव्हा वह्यांत कितीतरी अधिक थेंबांच्या नोंदी आढळल्या. कुठे मोजमाप सुंदर आल्याचा, छापायलाच हवे असा शेरा, तर कुठे काहीतरी बिघडल्याचा. हे मिलिकन यांच्या प्रामाणिकपणावरचे बालंट ठरू शकले असते. परंतु वगळलेले आकडेही वहीत असल्यामुळे इतर अभ्यासकांना ते धरून गणित पुन्हा मांडता आले, आणि विद्युतभाराच्या किमतीत त्याने फारसा फरक पडत नाही हेही दिसून आले. दोष आणि त्याचा खुलासा असे दोन्ही एकाच वहीतून निघाले.

अभिलेखागाराचे काम समजून घेताना ही जोडी डोळ्यांसमोर ठेवावी, असे मला वाटते. छापील शोधनिबंधाच्या शेकडो प्रती ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत असतात, त्यामुळे तो सहसा नाहीसा होत नाही. नाहीसे होते ते त्याच्या खालचे सगळे: कच्च्या नोंदी, फसलेले प्रयोग, पत्रव्यवहार, उपकरणांची रेखाटने, मदतनिसांची नावे. हे साहित्य एकच प्रत असलेले असते आणि ते वाचवायचे की नाही हा निर्णय बहुतेक वेळा ते निर्माण करणाऱ्या माणसाच्या हयातीतच, किंवा तो गेल्यावर काही महिन्यांत, घर वा प्रयोगशाळा रिकामी करताना होऊन जातो.

हा निर्णय घेणाऱ्यांच्या हातून चुका होतात, आणि त्या बहुधा त्या त्या काळाच्या चुका असतात. आयझॅक न्यूटन यांचे कागद त्यांच्या भाचीच्या वंशजांकडे दीडशे वर्षे राहिले. १८७२ साली ते केंब्रिज विद्यापीठाकडे आले; विद्यापीठाने नेमलेल्या तज्ज्ञांनी गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे कागद ठेवून घेतले आणि किमया (हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या) व धर्मशास्त्र यांवरचे लिखाण बव्हंशी घराण्याला परत केले, कारण त्यांच्या लेखी त्याला वैज्ञानिक मोल नव्हते. १९३६ साली लंडनमध्ये त्याचा लिलाव झाला आणि कागद जगभर पांगले. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी जमेल तेवढे विकत घेऊन केंब्रिजमधल्या किंग्ज कॉलेजसाठी मागे ठेवले, धर्मशास्त्रावरचा मोठा भाग अखेर जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचला. आज न्यूटन यांच्या विचारपद्धतीचा अभ्यास त्या परत केलेल्या कागदांशिवाय होऊच शकत नाही. म्हणून अभिलेखपाल निवड करताना विषय महत्त्वाचा वाटतो का, एवढाच प्रश्न विचारत नाहीत. कागद कोणाकडून आले, कोणत्या कामातून निर्माण झाले आणि मूळ मालकाने ते कोणत्या क्रमाने लावले होते, हेही ते जपतात. एखाद्या पत्राला टाचलेला हिशेबाचा कागद अलग करून विषयवार फाइलीत घातला, की त्या दोहोंचा संबंध कायमचा तुटतो. कागद शाबूत राहूनही माहिती गेलेली असते.

आता कागदाकडे वळू. सोळाव्या शतकातला, चिंध्यांपासून बनवलेला कागद पुष्कळदा आजही लवचिक असतो आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा कागद मात्र बोट लावताच तुटतो, याचे कारण रसायनशास्त्रात आहे. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. एकोणिसाव्या शतकात शाई फुटू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटीवर्गीय क्षारांचा लेप देण्याची पद्धत रूढ झाली, आणि चिंध्यांच्या जागी लाकडाचा लगदा आला. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन हे क्षार आम्ल तयार करतात. आम्ल सेल्युलोजची साखळी जागोजाग तोडते, पण या क्रियेत ते स्वतः खर्ची पडत नाही, शिवाय तुटलेल्या साखळ्यांतून आणखी आम्ले निर्माण होतात. म्हणजे ऱ्हास जसजसा होतो तसतसा त्याचा वेग वाढत जातो. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या अल्कधर्मी संयुगांनी हे आम्ल उदासीन करता येते, परंतु तुटलेल्या साखळ्या त्यामुळे सांधल्या जात नाहीत. कागद आज जेवढा भक्कम आहे जवळपास तेवढाच पुढे राहील, इतकेच साधते. त्यामुळे अभिलेखागाराचा खरा भर उपचारांपेक्षा तापमान कमी आणि आर्द्रता स्थिर राखण्यावर, आम्लरहित वेष्टनांवर, गंजणाऱ्या टाचण्या आणि चिकटपट्ट्या काढून टाकण्यावर असतो. दिसायला ही कामे अगदीच किरकोळ आहेत. काही वेळा अडचण कागदाची नसून त्यावर पडलेल्या पदार्थाची असते: मारी क्युरी यांच्या वह्या अजूनही किरणोत्सारी आहेत आणि पॅरिसमध्ये शिशाचे अस्तर लावलेल्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. त्यांच्यावरच्या रेडियम-२२६ या समस्थानिकाचा अर्धायुकाल (किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ) सुमारे १,६०० वर्षांचा असल्यामुळे ती खबरदारी लवकर सुटण्यासारखी नाही.

कागदाची एक मेहेरबानी अशी की तो वाचायला डोळे पुरतात. चुंबकीय फीत आणि संगणकीय फाइल यांना यंत्र लागते, आणि यंत्र फितीच्या आधी मरते. १९६६ आणि १९६७ साली अमेरिकेच्या लूनर ऑर्बिटर मालिकेतल्या पाच यानांनी चंद्राची छायाचित्रे घेतली. त्यांच्या सुमारे १,५०० मूळ फिती जपल्या गेल्या, पण त्या ज्यावर चालत ती अँपेक्स कंपनीची अवाढव्य यंत्रे वापरातून गेली. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या अभिलेखपाल नॅन्सी इव्हान्स यांनी त्या फिती टाकू दिल्या नाहीत, चार जुनी यंत्रे मिळवली आणि ती वर्षानुवर्षे स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली. अखेर एका छोट्या गटाने यंत्रे दुरुस्त केली आणि २००८ साली, २३ ऑगस्ट १९६६ रोजी टिपलेले चंद्रापलीकडच्या पृथ्वीचे छायाचित्र पूर्वी कधीच दिसले नव्हते इतक्या स्पष्टतेने बाहेर आले. अपोलो ११ मोहिमेच्या मूळ फितींचे नशीब एवढे चांगले नव्हते. चांद्रपृष्ठावरून आलेले मूळ दूरचित्र साठवणाऱ्या त्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ साली काढला. प्रक्षेपणासाठी रूपांतरित केलेले, कमी दर्जाचे चित्रणच तेवढे उरले.

फाइल जपणे म्हणजे ती कुठेतरी ठेवून देणे नव्हे, हे यावरून लक्षात येते. तबकडीवरचा एखादा बिट (फाइल ज्यांची बनते त्या शून्य-एकांपैकी एक) उलटला तरी बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक फाइलवर गणिती क्रिया करून तिच्या हाताच्या ठशासारखी एक संख्या काढली जाते, जिला चेकसम म्हणतात, आणि ठरावीक काळाने ती पुन्हा काढून ताडून पाहिली जाते. एकही बिट बदलला असेल तर संख्या जुळत नाही, आणि मग दुसऱ्या ठिकाणच्या निर्दोष प्रतीवरून ती फाइल दुरुस्त करता येते. प्रती वेगवेगळ्या गावी आणि वेगवेगळ्या संस्थांकडे ठेवाव्यात हा आग्रह यातूनच येतो, कारण एकाच इमारतीतल्या तीन प्रतींना एकच आग पुरते. फाइलचे स्वरूप कालबाह्य होऊ लागले की दोनच मार्ग उरतात: ती नव्या स्वरूपात आणणे, किंवा जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली लिहून तिच्यात ती उघडणे. आणि एवढे करूनही, कोष्टकातल्या चौथ्या स्तंभातले आकडे सेल्सियसमध्ये आहेत की केल्विनमध्ये, रिकामी जागा म्हणजे शून्य की न घेतलेले मोजमाप, हे कोणी लिहून ठेवले नसेल तर ती फाइल उघडते पण काही सांगत नाही.

हा प्रश्न किती मोठा आहे याचे एक मोजमाप उपलब्ध आहे. १९९१ ते २०११ या काळातल्या ५१६ जीवशास्त्रीय निबंधांच्या लेखकांकडे एका संशोधकगटाने मूळ डेटा मागून पाहिला, आणि त्यावर आधारित निबंध २०१४ साली प्रसिद्ध केला. निबंध जितका जुना तितका डेटा हाती लागण्याचा संभव कमी होता, आणि हा संभव दर वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी घटत होता. कारणे अगदी घरगुती होती: लेखकांचे ईमेल पत्ते बंद पडले होते, किंवा डेटा अशा चकत्यांवर होता ज्या वाचणारे यंत्र आता कोणाकडेच नव्हते. केवळ आंतरजालावर निघणाऱ्या नियतकालिकांची स्थितीही फारशी निराळी नाही. २००० ते २०१९ या काळात मुक्त प्रवेश देणारी १७४ विद्वत्तापूर्ण नियतकालिके आंतरजालावरून नाहीशी झाल्याचे एका पाहणीत आढळले. म्हणजे छापील निबंध सहसा नाहीसा होत नाही, हे वर केलेले विधान नव्या काळाला जसेच्या तसे लागू करता येत नाही.

उलट जिथे कच्च्या नोंदी चिकाटीने जपल्या गेल्या तिथे त्यांचे मोल काळाबरोबर वाढले. हार्वर्ड वेधशाळेत आकाशाची छायाचित्रे टिपलेल्या पाच लाखांहून अधिक काचपट्ट्या आहेत. त्यांतल्याच काहींवरून हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ साली सेफीड ताऱ्यांचा, म्हणजे ज्यांचे तेज ठरावीक काळाने कमीजास्त होते अशा ताऱ्यांचा, आवर्तकाल आणि तेजस्विता यांतले नाते प्रस्थापित केले, आणि आज अंकीकरणानंतर त्याच पट्ट्यांवरून एखाद्या ताऱ्याच्या तेजात शंभर वर्षांत काय बदल झाला हे तपासता येते. कोडईकनाल वेधशाळेतली १९०४ पासूनची सूर्याची छायाचित्रे सौरडागांच्या दीर्घकालीन अभ्यासाला अशीच उपयोगी पडतात. शंभर वर्षांपूर्वीचा सूर्य आता नव्याने मोजता येणार नाही.

माणसांच्या आठवणींचे तसेच आहे, फक्त तिथे मुदत आणखी कमी असते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) घडवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचा मोठा प्रकल्प विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून यांच्या नेतृत्वाखाली हाती घेतला गेला. त्या शास्त्रज्ञांपैकी नील्स बोर यांची शेवटची मुलाखत १७ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. चाळीस-पन्नास वर्षांनंतर सांगितलेली आठवण अर्थातच जशीच्या तशी पुरावा म्हणून घेता येत नाही; पुढे काय सिद्ध झाले हे माहीत असल्यामुळे माणूस आपले जुने गोंधळ विसरतो आणि कथा सरळ करून सांगतो. परंतु मुलाखत आणि त्या काळातली पत्रे शेजारी ठेवली, की तो गोंधळ नेमका कुठे होता ते शोधता येते, आणि प्रयोगशाळेत कोण कोणाशी बोलत असे, कोणाचे काम कोणाच्या नावावर गेले, हे तर बहुतेक वेळा बोलण्यातूनच कळते.

अशा साहित्यात जिवंत माणसांची नावे, आजार, भांडणे येतात, त्यामुळे देणगीदार आणि अभिलेखागार मिळून ते किती वर्षे बंद ठेवायचे हे लेखी ठरवतात. ही अट काहींना अभ्यासातला अडथळा वाटते. माझ्या मते तीच अनेक कागदांचा जीव वाचवते, कारण बंद ठेवण्याची हमी नसेल तर कुटुंबीय ते नष्ट करणे पसंत करतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग १९४१ साली कोपनहेगनला येऊन बोर यांना भेटले, तेव्हा अणुबाँबविषयी नेमके काय बोलणे झाले याबद्दल दोघांच्या आठवणी जुळत नव्हत्या. बोर यांनी पुढे हायझेनबर्ग यांना लिहिलेली आणि कधीच न पाठवलेली पत्रांची कच्ची टिपणे कुटुंबाने २०१२ पर्यंत बंद ठेवायचे ठरवले होते. त्या भेटीविषयी तर्कवितर्क फार वाढल्यावर ती दहा वर्षे आधी, फेब्रुवारी २००२ मध्ये खुली करण्यात आली. जर्मनीतले अण्वस्त्रांचे काम हायझेनबर्ग यांच्या देखरेखीखाली चालू आहे असाच आपला त्या वेळी समज झाला, असे बोर यांनी त्यांत स्पष्ट लिहिले आहे. हायझेनबर्ग यांचा हेतू काय होता याचे उत्तर त्यातून मिळत नाही, पण ऐकणाऱ्याने काय ऐकले ते आता त्याच्याच शब्दांत वाचता येते.