मॅक्रो आणि इनलाइन फंक्शन: घोळ कंसांचा नाही

सी भाषेतले फंक्शन कसे चालते हे वाचकाला ठाऊक आहे, असे मी गृहीत धरतो. मॅक्रो म्हणजे कंपायलरच्या आधी चालणाऱ्या प्रीप्रोसेसरने नावाच्या जागी उतरवलेला मजकूर, तर ‘इनलाइन’ म्हणजे फंक्शनचा कोड वापराच्या जागीच बसवण्याची कंपायलरला केलेली सूचना. ‘इनलाइन’ हा शब्द सीच्या १९९९ च्या मानकात आला, आणि ‘इनलाइन म्हणजे सुधारलेला मॅक्रोच’ हे विधान अजूनही छातीठोकपणे केले जाते. ते साफ चुकीचे आहे.

मॅक्रोच्या व्याख्येत कंस घालावेत, अनेक विधाने असल्यास ती ‘डू-व्हाइल’मध्ये गुंडाळावीत, हे सर्वांना पाठ असते, बहुतेकांची खबरदारी तिथेच संपते. खरा फरक असा की फंक्शनला, मग ते इनलाइन असो वा नसो, आर्ग्युमेंटची एकदाच काढलेली किंमत मिळते, तर मॅक्रोला मिळतो आर्ग्युमेंटचा मजकूर, आणि व्याख्येत तो जितक्या जागी येतो तितक्या जागी प्रीप्रोसेसर तो जसाच्या तसा उतरवतो.

नेहमीचा मॅक्स(अ, ब) घ्या: ((अ) > (ब) ? (अ) : (ब)). कंस चोख आहेत. आता ‘अ’च्या जागी यूआर्टच्या (सिरियल तारेवरून बाइट घेणाऱ्या-पाठवणाऱ्या हार्डवेअरच्या) डेटा रजिस्टरचे वाचन ठेवा. फिफो (आलेले बाइट क्रमाने धरून ठेवणारी रांग) असलेल्या यूआर्टमध्ये असे प्रत्येक वाचन एक बाइट काढून घेते. मग तुलना होते पहिल्या बाइटची, हाती येतो त्याच्या मागचा, आणि पहिला कायमचा हरवतो. त्यातही पहिला बाइट ‘ब’पेक्षा मोठा असेल तेव्हाच दुसरे वाचन होते, त्यामुळे लहान आकडे पाठवून केलेली चाचणी विनातक्रार पार पडते. रजिस्टर व्होलाटाइल (किंमत आपोआप बदलू शकते असे कंपायलरला सांगितलेले) असल्याने कंपायलरही वाचवत नाही. दोनदा लिहिले असेल तर त्याने दोनदा वाचलेच पाहिजे. वापराच्या ओळीत मात्र वाचन एकदाच दिसते, म्हणून कोड तपासणाऱ्याला त्यात काहीच खटकत नाही. फंक्शनसारखे लहान अक्षरांतले नाव देऊन मॅक्रो लपवणे मला म्हणूनच मुळीच मान्य नाही.

वेगाची सबब आता टिकत नाही. ऑप्टिमायझेशन चालू असेल, तर जीसीसी हा कंपायलर छोट्या स्टॅटिक (त्या फाइलपुरत्या) इनलाइन फंक्शनचा कोड सहसा वापराच्या जागीच बसवतो, शिवाय डेटाच्या प्रकारांची तपासणीही होते. फाइलचे नाव व ओळ क्रमांक नोंदवणे किंवा दोन टोकन (कोडमधले सुटे शब्द) जोडणे यांसाठी मॅक्रो हवाच. एकच व्याख्या अनेक प्रकारांना चालवायची असेल, तर लिनक्स कर्नलच्या जुन्या मिन-मॅक्सप्रमाणे ‘टाइपऑफ’ने (दिलेल्या गोष्टीचा प्रकार काढणाऱ्या सोयीने) तात्पुरती चले घोषित करून किंमत आधी त्यांत साठवावी. संशय आलेली फाइल जीसीसीच्या ‘-ई’ पर्यायाने उलगडून पाहावी. दोन वाचने तिथे उघड दिसतात.