एका नावाची दोन फोल्डर: जँगोमधल्या ‘प्रोजेक्ट’ आणि ‘ॲप’ची पार्श्वभूमी

जँगो ही पायथनमध्ये वेबसाइट बांधायची तयार चौकट. ती शिकायला बसलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत स्टार्टप्रोजेक्ट ही कमांड देतो. समोर आलेले ‘मायसाइट’ नावाचे फोल्डर उघडले की त्याच्या पोटात पुन्हा ‘मायसाइट’ नावाचेच फोल्डर निघते. बाहेरच्या फोल्डरात मॅनेज डॉट पाय ही एकटी फाइल असते. आतल्या फोल्डरात सेटिंग्ज, यूआरएल्स आणि सर्व्हरशी सांधा जुळवणाऱ्या दोन फायली असतात. थोड्या वेळाने स्टार्टॲप चालवल्यावर ‘पोल्स’ (जनमत चाचण्या) हे तिसरे फोल्डर आतल्या ‘मायसाइट’च्या शेजारी येऊन बसते. पायथन येत असूनही अनेक जण इथे अडखळतात, कारण या तिन्हींपैकी आपले काम नेमके कुठे करायचे आणि मुळात ही विभागणी कशासाठी, हे फोल्डरांच्या नावांवरून कळत नाही.

या विभागणीचे मूळ एका वृत्तपत्राच्या कचेरीत आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथल्या दैनिकाच्या वेब विभागात 2003 साली दोघा प्रोग्रामरांनी पीएचपी सोडून पायथन हाती घेतले. त्या विभागाकडे दैनिकाची बातम्यांची साइट होती, गावातल्या करमणुकीची माहिती देणारी दुसरी साइट होती आणि विद्यापीठाच्या खेळांना वाहिलेली आणखी एक. एकच लेख दोन साइटवर झळकवायचा, पण तो दोनदा टाइप करायचा नाही, ही तिथली रोजची गरज होती. जँगोतल्या ‘साइट्स’ या सुविधेच्या दस्तऐवजात आजही यांतल्या पहिल्या दोन साइटचे उदाहरण दिलेले आढळते. अशा ठिकाणी ‘बातम्या’, ‘कार्यक्रम’, ‘जनमत’ हे सुटे भाग वेगळे ठेवावेत आणि प्रत्येक साइटने त्यातले हवे ते उचलावेत, हे कोणालाही सहज सुचले असते. सुटा भाग म्हणजे ‘ॲप’, आणि अमुक एका साइटसाठी केलेली त्यांची जुळणी म्हणजे ‘प्रोजेक्ट’. नवशिक्यांसाठीच्या जँगोच्या अधिकृत पाठात जनमत चाचणीचेच उदाहरण का आहे, याचे उत्तरही बहुधा त्या कचेरीतच सापडेल.

जुलै 2005 मध्ये त्या कचेरीतला हा कोड जँगो या नावाने, मुक्त वापराची मुभा देणाऱ्या बीएसडी परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला. सुरुवातीच्या आवृत्त्यांत बरीच जादू होती: ॲपमध्ये लिहिलेली मॉडेल्स (डेटाबेसातल्या टेबलांची पायथनमधली वर्णने) जँगोच्या स्वतःच्या पॅकेजातून आयात करावी लागत, जणू ती तिथेच जन्मली होती. ही जादू काढून टाकणारा मोठा बदल मे 2006 मध्ये मूळ शाखेत आला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये 0.95 या आवृत्तीतून लोकांच्या हाती पडला. ॲप म्हणजे साधे पायथन पॅकेज, ही आजची समजूत तिथपासूनची.

सप्टेंबर 2008 मध्ये 1.0 ही आवृत्ती आली. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात भरलेल्या पहिल्या जँगो परिषदेत, ॲप लहान असावे, एकच काम करावे आणि दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये जसेच्या तसे उचलून नेता यावे, असा आग्रह धरणारे एक व्याख्यान झाले. पुढची काही वर्षे हाच विचार शिरोधार्य मानला गेला. गंमत अशी की खुद्द अधिकृत पाठाने तो पाळला नव्हता. एक ॲप अनेक प्रोजेक्टमध्ये राहू शकते असे पाठात सांगितलेले असे, आणि पुढे सेटिंग्जमध्ये ‘मायसाइट डॉट पोल्स’ असे प्रोजेक्टच्या नावासकट लिहायला लावलेले असे. असे बांधलेले ॲप दुसरीकडे न्यायचे तर आधी त्यातली सगळी आयात-वाक्ये बदलणे भाग होते.

त्या काळी मॅनेज डॉट पाय प्रोजेक्टच्या पॅकेजच्या आतच, सेटिंग्जच्या मांडीला मांडी लावून असे. चालवताना ती पायथनच्या शोधमार्गाशी (मॉड्यूल कुठल्या फोल्डरांत शोधायची त्या यादीशी) थोडी खटपट करी, आणि त्यामुळे ‘पोल्स डॉट मॉडेल्स’ आणि ‘मायसाइट डॉट पोल्स डॉट मॉडेल्स’ ही दोन्ही नावे चालत. वरवर ही सोयच वाटते. परंतु पायथनच्या लेखी ही दोन वेगळी मॉड्यूल असल्याने एकच फाइल दोनदा चालवली जाई. ऑर्डर जतन झाली की ग्राहकाला ईमेल पाठवणारे एखादे फंक्शन त्या फाइलमध्ये सिग्नलला (काही घडले की जँगो देते त्या सूचनेला) जोडलेले असेल, तर ते दोनदा जोडले जाई आणि ग्राहकाला दोन ईमेल जात. याहून वाईट म्हणजे स्वतःच्या संगणकावर मॅनेज डॉट पायच्या कृपेने चाललेली साइट खऱ्या सर्व्हरवर गेली की, तिथे ती खटपट करायला कोणी नसल्याने, आयात सापडत नाही म्हणून कोसळे. ही चूक शोधण्यात ज्यांच्या रात्री गेल्या आहेत, त्यांना पुढच्या बदलाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

तो बदल मार्च 2012 मधल्या 1.4 आवृत्तीत झाला. मॅनेज डॉट पाय पॅकेजबाहेर, एक पायरी वर आली, तिच्यातली शोधमार्गाची खटपट गेली आणि सर्व्हरसाठीची डब्ल्यूएसजीआय फाइल आयती मिळू लागली. तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय योग्यच होता आणि तो चार वर्षे आधी झाला असता तर बरे झाले असते. खटकते ते नामकरण. आतल्या पॅकेजला प्रोजेक्टचे नाव देण्यामागे कारण होते: ‘मायसाइट डॉट सेटिंग्ज’ हा पत्ता जुन्या कोडमध्ये ठिकठिकाणी लिहिलेला होता, तो तसाच राहिला तर जुन्या प्रोजेक्टवाल्यांना मॅनेज डॉट पाय एक पायरी वर हलवून भागणार होते. मात्र बाहेरच्या फोल्डरालाही तेच नाव दिल्याने जुन्या लोकांची सोय झाली आणि नव्यांच्या माथी कोडे आले. बाहेरच्या फोल्डराचे नाव जँगोला काहीच महत्त्वाचे नाही, ते हवे तेव्हा बदला, असे पाठात स्पष्ट लिहिलेले होते. जे नाव कशालाच महत्त्वाचे नाही, ते महत्त्वाच्या नावासारखेच का ठेवावे, याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकाला अद्याप मिळालेले नाही.

शब्दांचा गुंताही सुटला नाही. अधिकृत संदर्भात ‘प्रोजेक्ट’ची ओळख जँगोवर चालणारे वेब ॲप्लिकेशन अशी करून दिली आहे, आणि ‘ॲप्लिकेशन’ म्हणजे काही सुविधा पुरवणारे पायथन पॅकेज असे त्याच पानावर सांगितले आहे. म्हणजे ज्याला आपण ‘आमचे ॲप’ म्हणतो तो जँगोच्या भाषेत प्रोजेक्ट, आणि जँगो ज्याला ॲप म्हणतो तो आपल्या दृष्टीने एक विभाग. मोबाइलमुळे ‘ॲप’ हा शब्द घरोघरी पोचल्यावर तर हा घोळ वाढलाच. मराठीत शिकवताना ‘ॲप म्हणजे कप्पा’ असे सांगितले की निम्मे काम होते. मात्र कप्पे किती करावेत हा प्रश्न मागे उरतोच.

तो प्रश्न 2014 नंतर महाग झाला. तोवर सिंकडीबी ही कमांड नवे टेबल तयार करी, पण असलेल्या टेबलात रकाना वाढवून देत नसे. त्यासाठी बाहेरचे साधन जोडावे लागे. 2013 मध्ये त्याच साधनाच्या कर्त्याने इंटरनेटवर लोकवर्गणी जमवून ही सोय जँगोच्या गाभ्यात आणली, आणि सप्टेंबर 2014 च्या 1.7 मध्ये मायग्रेशन्स, म्हणजे टेबलांतले बदल टप्प्याटप्प्याने नोंदवणाऱ्या फायली, मिळाली. प्रत्येक ॲपची मायग्रेशन्स त्या ॲपच्या फोल्डरात राहतात आणि टेबलाचे नावही ॲपच्या नावाने सुरू होते: ‘पोल्स’मधल्या ‘क्वेश्चन’चे टेबल ‘पोल्स अंडरस्कोर क्वेश्चन’. त्यामुळे पहिल्याच दिवशी उत्साहाने आठ ॲप पाडली आणि सहा महिन्यांनी एखादे मॉडेल दुसऱ्या ॲपमध्ये असायला हवे होते असे लक्षात आले, तर फाइल हलवून भागत नाही. डेटाबेस आणि मायग्रेशनचा इतिहास दोन्ही सांभाळून हलवावे लागते. हीच गोष्ट वापरकर्त्याच्या मॉडेलची. 1.5 पासून ते स्वतःचे ठेवता येते, पण ते पहिल्या मायग्रेशनच्या आधी ठरवावे लागते, आणि नवशिक्याला हे साधारणपणे त्यानंतर समजते.

म्हणून अलीकडे अनुभवी मंडळींपैकी बरेच जण एकाच ॲपने सुरुवात करतात आणि खरोखर वेगळा वाटेल तोच भाग नंतर वेगळा काढतात. 1.4 पासून कमांडच्या शेवटी फोल्डराचा पत्ता देता येत असल्याने, तिथे नुसता टिंब देऊन आणि पॅकेजला ‘कॉन्फिग’ असे नाव ठेवून जोडनावाचा प्रश्नही ते परस्पर मिटवतात. अधिकृत पाठानेही अलीकडे बाहेरच्या फोल्डराला वेगळे नाव द्यायला सुरुवात केली आहे. कमांड मात्र, दुसरे काही सांगितले नाही तर, अजूनही ‘मायसाइट’च्या पोटात ‘मायसाइट’च घालते.