जुना ॲल्युमिनियम ट्रेलर दुरुस्तीला देण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चौकशीचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "आरशासारखा चमकवून द्यायला किती घ्याल?" चमक आमच्या कामाच्या यादीत अगदी शेवटी येते. का, ते या पत्रकात सांगितले आहे. १९५० ते १९७९ या काळातला एअरस्ट्रीम (कारमागे ओढून न्यायचा, आत राहायची सोय असलेला ट्रेलर), किंवा त्याच पद्धतीने बांधलेला स्ट्रीमलाइन, सिल्व्हर स्ट्रीक, ॲव्हियन असा ट्रेलर अमेरिकेत घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहिले आहे.

गाडीची बांधणी

ही कारला जोडलेली पत्र्याची पेटी नव्हे. १९३४ मध्ये हॉली बोलस या ग्लायडर बनवणाऱ्या माणसाने विमानासारखा रिवेट केलेला (धातूच्या खिळ्या ठोकून पत्रे जोडलेला) ट्रेलर बाजारात आणला. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीमने १९३६ च्या क्लिपर या मॉडेलमध्ये तीच पद्धत उचलली. सगळ्यात खाली पोलादी चासी, तिच्यावर प्लायवुडची जमीन, जमिनीच्या कडेने फिरणारी ॲल्युमिनियमची पन्हळ, त्या पन्हळीतून उभ्या राहणाऱ्या फासळ्या आणि फासळ्यांवर आतून-बाहेरून रिवेट केलेला पत्रा. चासी एकटी फारशी ताकदवान नसते. कवच आणि जमीन तिला घट्ट धरून असतात, तेव्हाच तिघे मिळून भार पेलतात. म्हणूनच जमीन कुजली की फक्त पाय रुततो असे नाही, गाडीचा सांधाच सुटतो.

पैसे देण्यापूर्वी अर्धा तास

मागच्या बंपरवर उभे राहा आणि हळूहळू वर-खाली वजन टाका. दुसऱ्या माणसाने कवच आणि बंपर यांच्यामधल्या फटीकडे बघावे. बंपर खाली गेला आणि कवच जागीच राहिले, तर मागचे टोक चासीपासून सुटले आहे. सत्तरच्या दशकातल्या लांब गाड्यांचे हे नेहमीचे दुखणे. बंपरपाशी असलेला पत्रा कवचाखालून आत शिरतो, पावसाचे पाणी त्याच्यावरून थेट प्लायवुडच्या कडेपर्यंत जाते, कड कुजते, बोल्ट गंजतात आणि पकड संपते.

मग दाभण किंवा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जमीन टोचून बघा: मागचे दोन्ही कोपरे, दाराच्या उंबऱ्याशी, पुढच्या खिडकीखाली, संडासाभोवती, चाकांच्या खोबणीलगत. टोक सहज आत गेले तर लाकूड गेलेले आहे. नवीन लॅमिनेटची जमीन दिसली तर जास्त सावध व्हा. खाली काय झाकले आहे, ते कळायला मार्ग राहत नाही.

खिडक्या मोजा. १९६६ ते १९६८ मधल्या काही मॉडेलांना कॉर्निंग कंपनीच्या वाकवलेल्या काचा आहेत. फुटली तर तशीच काच मिळवणे कठीण आणि महाग. टोकांच्या पाकळ्याही बघा. जुन्या काही मॉडेलांचे गोलसर टोक १३ दाबीव पाकळ्यांचे असते. त्यातली एखादी खोलवर चेपलेली असेल तर ती हाताने घडवून घ्यावी लागते, आणि त्याचा खर्च कधीकधी गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. पत्रा कठीण जातीचा आणि चेपताना ताणलेला असतो. कारच्या टपासारखा तो ठोकून सपाट होत नाही.

टायटलचा (मालकीचा) कागद आणि गाडीवरचा क्रमांक जुळतो का, ते त्याच दिवशी पाहा. नाव "२६ फूट" असले तरी ती लांबी कारला जोडायच्या पुढच्या दांड्यासकट आहे. आतली जागा त्याहून बरीच कमी भरते.

जमीन आणि चासी

काम सुरू होते ते आतला पत्रा उतरवण्यापासून. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालतो, फोटो काढतो, रिवेट ड्रिलने उडवतो. आत जुने काचतंतूचे इन्सुलेशन असते आणि त्यात उंदरांची घरटी. ते झाडून काढू नका. उंदरांच्या विष्ठेतून पसरणाऱ्या हंटाव्हायरस या विषाणूचा धोका कोरड्या धुळीतून असतो. ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग असे मिश्रण फवारून ओले करायचे, थोडा वेळ मुरू द्यायचे, मग हातमोजे आणि बारीक धूळ अडवणारा पी-१०० मास्क लावून पिशवीत भरायचे. जुन्या फरशीच्या टाइलमध्ये ॲस्बेस्टॉस आणि १९७८ पूर्वीच्या रंगात शिसे असू शकते. दोन्हींचा नमुना आम्ही आधी प्रयोगशाळेत पाठवतो आणि अहवाल येईपर्यंत तिथे घासणे-कापणे बंद ठेवतो.

जमीन काढण्यापूर्वी कवचाला आतून दोन बाय चार इंची लाकडांचे आडवे-उभे आधार देतो. हे विसरले तर कवच फाकते, आणि नंतर दार चौकटीत बसत नाही. दाराची मापे म्हणूनच आधी लिहून ठेवायची.

बहुतेक एअरस्ट्रीममध्ये मूळ प्लायवुड पाच अष्टमांश इंच जाडीचे असते. तीच जाडी ठेवणे चांगले, कारण पन्हळ, दार आणि बोल्टची लांबी सगळे त्यावर बेतलेले आहे. चार बाय आठ फुटांचे तक्ते रुंदीत आडवे बसतात. २६ फुटी गाडीला साधारण सहा लागतात. मरीन किंवा बाहेरच्या वापराचे प्लायवुड घ्या. रसायनात मुरवलेले हिरवट लाकूड "जास्त टिकते" म्हणून बरेच जण आणून देतात. ते आम्ही वापरत नाही, कारण त्यातल्या तांब्याच्या क्षारांनी ॲल्युमिनियमची पन्हळ खाल्ली जाते. तक्त्यांच्या कडांना, आणि प्रत्येक बोल्टच्या भोकालाही, पातळ इपॉक्सी दोनदा पाजतो. पाणी शिरते ते कडेतून, सपाट बाजूने नाही.

चासी गंजलेली सापडते ती ठरलेल्या जागी: पायरीपाशी, बाजूला निघालेल्या आधार-पट्ट्यांवर (आउटरिगर), मागच्या आडव्या पट्टीवर. पापुद्रे सुटेपर्यंत घासायचे, गरजेला नवे तुकडे वेल्ड करायचे, मग पीओआर-१५ सारख्या गंजरोधक लेपाचे दोन हात. पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे टेकतात तिथे मध्ये पट्टी किंवा लेप हवाच. दोन धातू आणि ओलावा एकत्र आले की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन जाते.

कवच उचलायचे की जागेवरच तुकड्या-तुकड्याने जमीन बदलायची? चासीचे मागचे टोक गेले असेल किंवा दोनापेक्षा जास्त आउटरिगर गंजून गेले असतील तर आम्ही कवच उचलायला सांगतो. नुसता एक कोपरा गेला असेल तर उचलण्याचा खर्च वाया जातो.

गळती आणि रिवेट

१९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर परत आल्यावर त्यांना ज्या फिरत्या विलगीकरण कक्षात ठेवले होते, तो एअरस्ट्रीमचाच बदललेला ट्रेलर होता. तो हवाबंद होता. तुमचा नाही, आणि कारखान्यातून निघाला तेव्हाही नव्हता. शेकडो रिवेट, खिडक्या, छतावरचे पंखे आणि नळ्या यांपैकी कुठूनही पाणी येऊ शकते. आतला पत्रा उघडा असतानाच खालून वर अशा क्रमाने पाइपने पाणी मारून तपासतो. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि गळतीची जागा सापडत नाही.

सांध्याला आतून-बाहेरून पॉलियुरेथेन सीलंट लावतो, सिकाफ्लेक्स २२१ च्या जातीचे. बारीक फटींना पातळ करडे सीलंट पुरते. सिलिकोन मात्र कुठेही नको. त्याच्यावर पुढे दुसरे काही चिकटत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकारातले आम्ल पत्र्याला चरते. तुमच्या गाडीवर आधीच्या मालकाने सिलिकोनचे थर दिले असतील तर ते खरवडण्याचे तास बिलात वेगळे दिसतील. त्याला इलाज नाही.

बाहेरचे खरे रिवेट ठोकायला दोन माणसे लागतात: एक बाहेरून हवेच्या हातोड्याने, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवून. एक अष्टमांश इंचाच्या रिवेटला ३० क्रमांकाचे ड्रिल, पाच बत्तिसांश इंचाच्या रिवेटला २१ क्रमांकाचे. दोन्ही पत्र्यांतून बाहेर आलेली दांडी रिवेटच्या व्यासाच्या दीडपट हवी. ठोकल्यावर तिची टोपी दीड व्यास रुंद आणि अर्धा व्यास उंच व्हायला पाहिजे. टोपी फार चपटी झाली तर रिवेटला चिरा जातात, कमी ठोकली तर तो सैल राहतो आणि प्रवासात भोक मोठे करतो. आतला पत्रा काढायचा नसेल तर ऑलिंपिक रिवेट बाहेरून बसवून, डोके तासून मूळ रिवेटसारखे करता येते. एखाद-दुसऱ्या जागी ठीक. पण संपूर्ण पत्रा ऑलिंपिकवर बसवा असे कोणी सुचवले तर नको म्हणा.

एक्सल

१९६१ पासून एअरस्ट्रीमला पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी रबराचा टॉर्शन एक्सल आला. चौकोनी नळीत चौकोनी दांडा, मध्ये रबराच्या चार दोऱ्या. चाकाचा हात फिरला की रबर पिळले जाते. हे रबर २५-३० वर्षांत मरते. गाडी जॅकवर उचला: हात ठळकपणे जमिनीकडे झुकायला हवा. तो आडवाच राहिला किंवा वर वळलेला असला तर एक्सल संपला. वरून टायर कितीही नवे घाला, प्रत्येक खड्डा थेट रिवेटवर येणार. कपाटांची दारे आपोआप उघडणे आणि पुढच्या-मागच्या टोकांचे रिवेट सुटणे ही त्याची लक्षणे.

नवा एक्सल मागवताना चार गोष्टी लागतात: एका बाजूला चाक जिथे बसते त्या तोंडापासून दुसऱ्या बाजूच्या तोंडापर्यंतचे माप, दोन्ही ब्रॅकेटमधले माप, हाताचा सुरुवातीचा कोन, आणि भरलेल्या गाडीचे वजन. "थोडा जास्त ताकदीचा असू दे" असे म्हणू नका. गरजेपेक्षा ताठ एक्सल मेलेल्या एक्सलसारखाच गाडी हादरवतो. जॅक एक्सलच्या नळीखाली कधीच लावायचा नाही, तो चासीला किंवा एक्सलच्या ब्रॅकेटशेजारी लावायचा.

वीज, गॅस, पाणी

जुना गुणगुणणारा कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा) काढून आधुनिक चार्जर घालणे सरळ आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतल्यास ती शून्य अंश सेल्सियसखाली चार्ज करू नका. धोका वेगळीकडे आहे. दोन पत्र्यांमधून गेलेली जुनी वायर रिवेटने किंवा स्क्रूने चिरडली की अख्खी गाडी विजेच्या संपर्कात येते, आणि ओल्या गवतावर अनवाणी उभा असलेला माणूस दाराला हात लावताच झटका खातो. ट्रेलरच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडलेले नसावेत. दोन्ही जोडलेल्या गाड्या आम्हाला वारंवार सापडतात.

घराच्या अंगणात प्लग बसवणार असाल तर इलेक्ट्रिशियनला लिहून द्या: ३० ॲम्पियर, १२० व्होल्ट. तीन पिनांचे हे तोंड पाहून ते ड्रायरचे समजून २४० व्होल्ट जोडले जातात आणि पहिल्याच दिवशी सगळी उपकरणे जळतात.

गॅसचा जुना रेग्युलेटर न विचारता बदलतो. दाब ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका ठेवतो आणि गळतीची चाचणी करूनच गाडी देतो. पाण्याच्या नळ्या अर्ध्या इंचाच्या पेक्स (लवचीक प्लास्टिक). बाहेरच्या नळाला ४५ पीएसआयच्या आसपासचा दाबनियंत्रक लावा. बऱ्याच जुन्या गाड्यांना सांडपाण्याची टाकी नसते. आज बहुतेक कॅम्पग्राउंडवर ती लागते, म्हणून जमीन उघडी असतानाच तिची जागा ठरवावी.

आणि फोडणी. शेगडीवरचा पंखा बाहेर हवा सोडणाराच हवा. गाळून परत आत सोडणारा नको. तेलाचा धूर आणि वाफ थंड पत्र्यावर बसते, तिथून भिंतीत उतरते. हळदीचा डाग पांढऱ्या रंगावरून जात नाही, हे सांगायला नको.

आतल्या सजावटीत ग्रॅनाइट, सिरॅमिक टाइल, जाड लाकूड टाळा. कवच चालताना लवचीक राहते, टाइल नाही. शिवाय प्रत्येक किलो एक्सलवर आणि दांड्यावर जातो. दांड्यावरचे वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असले तर गाडी मागे डोलत नाही.

आता चमक

ॲव्हियनचा पत्रा ॲनोडाइज केलेला (विजेच्या प्रक्रियेने वर कठीण थर चढवलेला) असतो. त्याला पॉलिश करायचे नाही, फक्त धुवायचे. एअरस्ट्रीमचा बाहेरचा पत्रा आल्क्लॅड असतो: मध्ये कठीण २०२४-टी३ मिश्रधातू, दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा थर. पत्रा सुमारे ०.८ मिलिमीटर जाड, त्यावरचा हा थर जेमतेम ०.०४ मिलिमीटर. चमकतो तो हाच थर आणि गंजापासून वाचवतोही हाच. म्हणून सँडपेपर आम्ही लावत नाही. ओरखडा जाईल, पण सोबत थरही जाईल.

साठच्या दशकापासून कारखान्यातून पारदर्शक लेप येऊ लागला. तो जागोजागी सुटलेला असतो आणि त्याच्याखाली धाग्यासारखा पांढरा गंज पसरतो. आधी हा लेप काढायचा. मिथिलीन क्लोराइडचे स्ट्रिपर २०१९ पासून किरकोळ ग्राहकांना विकण्यास बंदी आहे. बेंझिल अल्कोहोलचे स्ट्रिपर हळू चालते, पण प्लास्टिकखाली काही तास झाकून ठेवले की काम करते. कॉस्टिक सोडा असलेले काहीही नको, तो पत्राच खातो.

मग न्यूव्हाइट कंपनीचे पॉलिश, भरडपासून बारीकपर्यंत तीन प्रकारांत: एफ-७ ने कापणी, सी ने मऊपणा, एस ने शेवट. लोकरीचे पॅड, मशीन मंद, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट. पॉलिश काळे होते, फिरवत राहिले की निवळते. निवळण्याआधी पुसले तर धुरकट डाग राहतात. सी आणि एस दोन डोक्यांच्या सायक्लो मशीनवर, जुन्या स्वेटशर्टच्या मऊ कापडाने. २६ फुटी गाडीला शंभराच्या आसपास तास धरा. वर लेप द्यायचा का? शेडमध्ये राहणाऱ्या गाडीला नको, वर्षातून एकदा एस चा हात पुरतो. समुद्राजवळ राहत असाल तर लेप घ्या आणि आठ-दहा वर्षांनी तो पुन्हा काढावा लागेल हे गृहीत धरा.

गाडी आणताना टायटलची प्रत, आधीच्या दुरुस्त्यांची बिले आणि सापडतील तेवढे सुटे भाग आणा: तुटलेली कडी, निखळलेला दिवा, कपाटाचे हँडल. ते फेकू नका. नमुना असला की नवा भाग बनवता येतो. गाडी परत नेल्यावर पहिल्या ५० मैलांनंतर थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर मागच्या दोन कोपऱ्यांत जमिनीवर हात फिरवून बघा. ओल लागली तर त्याच आठवड्यात फोन करा.