नेत्सुके

नेत्सुके : जपानी पुरुषांच्या किमोनोबरोबर वापरली जाणारी लहान कोरीव गुंडी. उंची बहुधा ३ ते ५ सेंमी. ‘ने’ म्हणजे मूळ आणि ‘त्सुके’ म्हणजे जोडणे. एदो काळात (१६०३–१८६८) ही कला भरभराटीला आली.

धोतराला निदान कनवट असते. किमोनोला खिसाही नाही. बारीकसारीक चीजवस्तू बाह्यांत मावत. पैशाची पिशवी, तंबाखूची चंची किंवा एकावर एक बसणाऱ्या कप्प्यांची ‘इनरो’ ही औषधाची डबी मात्र दोरीने कमरेला लटकवावी लागे. ही दोरी ‘ओबी’ या कमरपट्ट्यामागून वर काढून तिच्या टोकाला नेत्सुके बांधत. ते पट्ट्याच्या वरच्या काठाला अडे आणि खालचे ओझे जागच्या जागी राही. दोरीवरचा ‘ओजिमे’ हा मणी खाली सरकवला की डबी घट्ट मिटे.

या कामामुळेच नेत्सुकेला त्याचा आकार मिळाला. टोकदार कान किंवा सुटी शेपूट रेशमात अडकणार, नाहीतर मोडणार. म्हणून उंदीर शेपूट अंगाभोवती गुंडाळून बसतो आणि बैल पाय पोटाशी घेतो. अंगाबरोबर हलणारी वस्तू सगळीकडून दिसते, त्यामुळे तळही तितक्याच निगुतीने कोरलेला असतो. दोरी ओवण्याच्या दोन भोकांना ‘हिमोतोशी’ म्हणतात. पुष्कळदा त्यांतले एक मोठे असते, कारण गाठ आत लपवायची असते. कित्येकदा वाकडा पाय किंवा देठाचे वळणच भोकाचे काम करते. अशी युक्ती दिसली की कारागिराला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

सर्व बाजूंनी घडवलेल्या मूर्तीला ‘काताबोरी’, चपट्या गोल प्रकाराला त्याच नावाच्या मिठाईवरून ‘मांजू’ आणि लांब काडीसारख्या प्रकाराला ‘साशी’ म्हणतात. हस्तिदंत आणि ‘त्सुगे’ या झुडपाचे पिवळसर, दाट रेषांचे लाकूड ही मुख्य साधने. इवामी प्रांतात रानडुकराचे सुळे कोरत, तर एदो म्हणजे आजच्या तोक्योतल्या आसाकुसा भागातील कोकुसाई हा कारागीर हरणाच्या शिंगासाठी नावाजला.

विषयांत चिनी-जपानी राशिचक्राचे बारा प्राणी, भुते, कोळी, दंतकथा असे सारे येते. भारतीय वाचकाला त्यात ओळखीचेही भेटतात : आळस देणारा दारुमा म्हणजे बोधिधर्म, आणि उंदरांच्या संगतीतला धनदेव दाइकोकू म्हणजे मूळचा महाकाल.

ओसाकात १७८१ मध्ये निघालेल्या ‘सोकेन किशो’ या ग्रंथात पन्नासहून अधिक कारागिरांची नोंद आहे. क्योतोच्या तोमोतादाच्या बसलेल्या बैलांच्या नकला तेव्हाच होत होत्या, असेही त्यात म्हटले आहे. आजही कारागिराच्या नुसत्या सहीवर विसंबू नये. दोरीने घासलेल्या कडा आणि वर्षानुवर्षांच्या हाताळणीने आलेली मऊ झळाळी अधिक खरे सांगतात.

मेजी काळात (१८६८–१९१२) खिशाचे पाश्चात्त्य कपडे आणि सिगारेट आल्यावर नेत्सुकेची गरज सरली. असंख्य नमुने युरोप-अमेरिकेतील संग्राहकांकडे गेले. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात राजपुत्र ताकामादो यांचा संग्रह आहे. हस्तिदंताच्या व्यापारावर १९८९ नंतर आंतरराष्ट्रीय निर्बंध आल्याने जुन्या नमुन्यांची खरेदी-विक्रीही अवघड झाली. आजचे कारागीर लाकूड, शिंग आणि मॅमथचे सुळे वापरतात; दोरीची दोन भोके मात्र अजूनही ठेवतात.